एकटीनं लिस्बन: आधी चढ बघ, मग दिवस आख

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकची चोवीस वर्षांची मुलगी, पहिलाच परदेश प्रवास, सोबत कुणी नाही, पाठीवर एक बॅग. ऑक्टोबरमध्ये सात रात्री हाताशी आहेत. त्यात लिस्बन, बार्सिलोना आणि पॅरिस बसवायचंय. शाकाहारी आहे, अंडं चालतं, खर्च बेतात ठेवायचाय. "ताई, लिस्बनला दोन दिवस पुरतील ना? आणि एकटीनं फिरताना कशाकशाची काळजी घेऊ?"

दोन दिवस पुरणार नाहीत. बार्सिलोना आणि पॅरिस या खेपेला काढून टाक आणि सातही रात्री लिस्बनला राहा. एकट्यानं फिरणाऱ्यांच्या युरोपच्या सहली आखून देणं हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि पहिल्यांदा निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. एक शहर बदललं की अख्खा दिवस जातो. सकाळी हॉस्टेल सोडायचं, विमानतळ गाठायचा, स्वस्त विमानाच्या बॅगेच्या मापात सामान कोंबायचं, नव्या शहरात दुपारी तीनपर्यंत खोली मिळेना म्हणून कुठंतरी टेकायचं. तीन शहरं केलीस तर सातातले दोन दिवस असेच जातील. वर शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम आहे: जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्याच देशाकडे. तीन देशांत दोन-दोन रात्री वाटल्या की कागदपत्रांचा गुंता आपणच वाढवतो. एकच देश, एकच हॉस्टेल, ३०,००० युरोंचा आरोग्य विमा, जायच्या-यायच्या तिकिटाचं बुकिंग आणि बँकेचे स्वच्छ कागद असा अर्ज वाचणाऱ्याला पटकन समजतो. फी ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ऑक्टोबरसाठी जुलैतच वेळ घेऊन टाक.

आता लिस्बनविषयी खरी सांगायची गोष्ट. इथं दिवस आखताना लोक नकाशावरची अंतरं बघतात आणि तिथंच फसतात. कॅसल, म्हणजे टेकडीवरचा जुना किल्ला, ते खालचा रोसियू चौक नकाशात जेमतेम अर्धा किलोमीटर दिसतं, पण मध्ये शंभर मीटरच्या आसपास चढ आहे, अरुंद जिने आहेत आणि पायाखाली काल्सादा आहे. काल्सादा म्हणजे चुनखडीच्या हाताएवढ्या तुकड्यांची फरसबंदी. वर्षानुवर्षं पाय पडून ती आरशासारखी गुळगुळीत झालीय, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सरीत तिच्यावरून चालताना उतारावर भिंत धरावी लागते. म्हणून माझा नियम असा: दिवसातून एकदाच चढायचं, तेही शक्यतो यंत्रानं, आणि मग दिवसभर उतरत राहायचं. रबरी, खाचा असलेल्या तळाचे जुने, पायाला बसलेले बूट ने. नवे कोरे बूट घालून येऊ नकोस.

चढायला या शहरात बऱ्याच सोयी आहेत आणि त्यातल्या काही फुकट आहेत. बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनला दोन तोंडं आहेत, एक खाली बाइशात आणि एक वर शियादूत. मधल्या सरकत्या जिन्यांनी सगळा चढ बसल्या जागी संपतो. किल्ल्याकडे जायचं असेल तर बाइशातल्या रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती रुआ दा मादालेनाला नेऊन सोडते. समोर थोडं चाललं की शांऊ दु लोरैरू चौकात जुन्या मंडईच्या इमारतीत खाली सुपरमार्केट आणि बाजूला दुसरी लिफ्ट. तिनं वर गेलीस की किल्ल्याच्या पायथ्याच्या रस्त्याला लागतेस. मार्तिं मुनीज चौकातून मोरारियाच्या बाजूनं चढायला उघडा सरकता जिनाही आहे. सांता जुस्ताच्या प्रसिद्ध लोखंडी लिफ्टसाठी मात्र तासभर रांग लावू नकोस. १९०२ची ती लिफ्ट खालून बघायला देखणी आहे, पण शियादूतून कार्मु मठाच्या मागच्या बाजूनं गेलं की तिच्या वरच्या पुलाशी पायीच पोचता येतं. फ्युनिक्युलरचं, म्हणजे चढावर दोरानं ओढल्या जाणाऱ्या डब्यांचं म्हणशील तर सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला भीषण अपघात झाला, सोळा माणसं गेली, आणि बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. तू जाशील तेव्हा कोणती चालू आहे ते तिथंच विचार. त्यांच्यावर बेत बांधू नकोस.

२८ नंबरची ट्राम सगळ्यांना हवी असते. मार्तिं मुनीजला सकाळी दहा वाजता तिच्यासाठी जी रांग लागते, त्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही. आत शिरल्यावर खिडकी दिसत नाही आणि खिसेकापूंना तर ती ट्राम म्हणजे आंदण दिल्यासारखी आहे. सकाळी सातच्या सुमाराला दुसऱ्या टोकाला, म्हणजे कांपू द ओरीककडे जाऊन बस. तेव्हा गाडीत कामाला निघालेली माणसं असतात, बसायला जागा मिळते, आणि आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्लीत ट्राम घराच्या भिंतीला घासून जाते की काय असं वाटतं ते नीट बघता येतं. ग्रासाला उतर. तिथून सेन्योरा दु मोंत या टेकडीवर जा. हा शहरातला जवळजवळ सगळ्यात उंच कठडा. तिथं उभं राहिलीस की लिस्बनची रचना एका नजरेत कळते: डावीकडे किल्ला, समोर सरळ रेषांचं बाइशा, पलीकडे शियादूची टेकडी, मागे तेजू नदी.

ती सरळ रेषांची वस्ती तिथं का आहे हे समजून घेतलंस तर पुढचं सगळं शहर वाचता येईल. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मग नदीतून लाटा आल्या आणि वेदींवरच्या मेणबत्त्यांनी, चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, भारतातून येणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारी कचेरी गेली. राजाचा मंत्री पोंबाल यानं खालचा भाग नव्यानं आखला: काटकोनात रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडाचा तिरप्या पट्ट्यांचा सांगाडा, की जमीन हलली तर इमारत लवावी, कोसळू नये. आल्फामा मात्र टेकडीच्या पक्क्या खडकावर असल्यानं बरीचशी टिकली. म्हणून तिथल्या गल्ल्या अजून मुस्लिम राजवटीच्या काळासारख्या वेड्यावाकड्या आहेत. कार्मुचा मठ छप्पर नसलेला तसाच ठेवलाय. त्याच्या कमानींमधून वर आभाळ दिसतं. रविवारी तो बंद असतो.

सेन्योरा दु मोंतहून उतरत ग्रासा, मग पोर्ताश दु सोल, मग आल्फामा, मग नदी. ही अर्ध्या दिवसाची वाट आहे आणि ती सकाळी दहाच्या आत आल्फामात पोचेल अशी धर. आल्फामाच्या पायथ्याशीच क्रूझ जहाजांचा धक्का आहे. जहाज लागलं की दहानंतर त्या गल्ल्यांत छत्र्या उंचावलेले गाईड आणि त्यांच्यामागे शेकडो माणसं. आठ वाजता तिथं बायका दोरीवर कपडे वाळत घालत असतात, कोपऱ्यावरच्या कॅफेत म्हातारे उभ्या उभ्या कॉफी पितात. मंगळवार किंवा शनिवार असेल तर सांता क्लाराच्या मैदानात फैरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो. जुन्या टाइल्स, नाणी, पोस्टकार्डं. टाइल विकत घेताना एवढं लक्षात ठेव की जुन्या घरांच्या भिंतींवरून चोरून उखडलेल्या टाइल्सचा तिथं मोठाच प्रश्न आहे. आठवण हवीच असेल तर नवी बनवलेली घे.

हॉस्टेल कुठं घ्यायचं? हिरव्या मेट्रो लाइनवर, अंजुश, इंतेंदेंत किंवा रोसियूच्या आसपास. विमानतळावरून लाल लाइन धरायची, आलामेदाला हिरवी पकडायची, आणि स्टेशनातून बाहेर आल्यावर सपाट रस्त्यानं पाच-सात मिनिटांत दार. बायरू आल्तूत रात्री तीनपर्यंत रस्त्यावर पिणाऱ्यांचा गोंगाट असतो, तिथं झोप लागणार नाही. आल्फामा गोड आहे, पण पाठीवर बारा किलो घेऊन तिचे जिने चढणं पहिल्याच दिवशी कंबर मोडेल. फक्त मुलींची डॉर्म बहुतेक ठिकाणी मिळते. स्वतःचं कुलूप ने. पासपोर्ट लॉकरमध्ये ठेव आणि अंगावर त्याची झेरॉक्स. शहराचा पर्यटन कर माणशी रात्रीला ४ युरो आहे, सात रात्रींपर्यंत. तो बऱ्याचदा हॉस्टेलवर रोख मागतात, तेव्हा ती फसवणूक समजून वाद घालू नकोस.

विमानतळावरच्या मशीनमधून 'नावेगान्त' कार्ड घे, कार्डाचे अर्धा युरो. त्यात पैसे भरून ठेवले की मेट्रो, ट्राम, बस, नदीपारची बोट, उपनगरी रेल्वे सगळीकडे तेच चालतं. ट्राममध्ये चढून रोख तिकीट काढलंस तर जवळजवळ दुप्पट पडतं. भारतातून सरळ विमान नाही. आखाती शहरातून आलीस तर इमिग्रेशन लिस्बनलाच होईल. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदललंस तर इमिग्रेशन तिथंच, आणि नव्या नोंदणी पद्धतीमुळे रांगा रेंगाळतात. मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी असलेलं तिकीट घेऊ नकोस.

पैशांचं एवढंच: एटीएम 'मुल्तीबांकू' असं लिहिलेलं, बँकेच्या भिंतीतलं वापर. पर्यटकांच्या रस्त्यावर सुटी उभी केलेली खासगी मशिनं भरमसाट शुल्क घेतात. कुठल्याही मशिननं "रुपयांत द्यायचे का?" असं विचारलं तर नाही म्हण आणि युरोच निवड. छोट्या खानावळींत परदेशी कार्ड चालत नाही, म्हणून तीस-चाळीस युरो रोख असू दे.

जेवणाबद्दल तुला धास्ती वाटत असणार, ती साहजिक आहे. पोर्तुगीज जेवण मासे आणि डुकराच्या मांसावर उभं आहे. कालदू वेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप बघून शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा सॉसेजची चकती टाकलेली असते. राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीतही मांस असतं. 'सोपा द लेगूमिश' हे भाज्यांचं सूप मात्र जवळजवळ प्रत्येक ताश्कात, म्हणजे साध्या खानावळीत मिळतं. सोबत पाव, भात, कोशिंबीर, ऑम्लेट घेतलंस की दुपार भागते. मागवताना "सें कार्न, सें पैश" म्हण, मांस नको, मासे नकोत. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं की ट्यूना वाढणारे भेटतात. आणि बसल्या बसल्या वेटर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतो. ते फुकट नाही. खाल्लंस तर बिलात येतं. नको असेल तर हात न लावता हसून "नांऊ, ओब्रिगादा" म्हण, तो निमूट उचलून नेतो. कायद्यानंही न मागितलेल्या, न खाल्लेल्या गोष्टीचे पैसे लावता येत नाहीत.

कॅफेच्या काचेच्या कपाटात समोसे दिसतील. शामुसा म्हणतात, आणि ते गोव्याच्या, मोझांबिकच्या वाटेनं तिथं पोचलेत. बहुतेक मांसाचे असतात, भाजीचे आहेत का विचारून घे. गोव्यातून आणि गुजरातेतून आफ्रिकेत गेलेली पुष्कळ कुटुंबं १९७५ नंतर, मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर, लिस्बनला आली. ल्युमियार भागातलं राधाकृष्ण मंदिर याच गुजराती समाजानं उभारलं. तिथल्या भोजनगृहात शाकाहारी थाळी मिळते. हिरव्या लाइनचं शेवटचं स्टेशन तेल्यैराश, तिथून पुढं थोडं चालणं आहे. जायच्या आधी वेळ विचारून जा. मार्तिं मुनीजच्या आसपासच्या दुकानांत डाळ, तांदूळ, कणीक, मसाले सगळं मिळतं, आणि हॉस्टेलला स्वयंपाकघर असतंच. संध्याकाळी खिचडी टाकलीस तर डॉर्ममधल्या निम्म्या लोकांशी ओळख होईल.

रोसियूशेजारी सांऊ दुमिंगुश नावाचं चर्च आहे, फुकट आहे, तिथं जरूर जा. १९५९ साली ते आतून जळलं. नंतर छप्पर घातलं, भिंती लालसर रंगवल्या, पण आगीनं फुटलेले खांब तसेच ठेवले. दगडाचे पापुद्रे सुटलेत, कडा वितळल्यासारख्या दिसतात. १५०६ मध्ये धर्म बदललेल्या ज्यूंची कत्तल याच चर्चपासून सुरू झाली. बाहेरच्या चौकात तिचं स्मारक आहे. पलीकडे रोसियूच्या टोकाला आज राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. १५६० साली गोव्यात बसलेलं इन्क्विझिशन इथल्याच अधिकाराखाली चालत होतं. गोवा-कोकणाचा माणूस त्या चौकात उभा राहिला की त्याला हे माहीत असायला हवं असं मला वाटतं.

नदीकाठच्या बेलें भागात जाताना गच्च भरलेल्या १५ नंबर ट्रामऐवजी कैश दु सोद्रेहून काश्कैशची लोकल पकड. सात-आठ मिनिटांत बेलें. जेरोनिमुश मठाचं चर्च मोफत आहे, आत शिरताच वास्को द गामाची आणि कवी कामोंइशची थडगी. बाजूच्या कोरीव कमानींच्या अंगणाला मात्र तिकीट आहे, ते आधी ऑनलाइन काढ. सोमवारी बंद. बेलेंच्या बुरुजात रांग लावून जायची गरज नाही. आत अरुंद गोल जिना आहे आणि फार काही नाही. बाहेरूनच एका टेहळणी-घुमटीच्या खाली बघ: दगडात कोरलेलं गेंड्याचं झिजलेलं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात तो इथं उतरला. युरोपनं कित्येक शतकांनी पाहिलेला तो पहिला जिवंत गेंडा. चित्रकार ड्यूररनं न बघता, ऐकीव वर्णनावरून काढलेलं त्याचं चित्र जगभर गेलं.

त्याच लोकलनं पुढे गेलीस की काशियश स्टेशन लागतं. तिथल्या टेकडीवरच्या किल्ल्यात हुकूमशाहीच्या काळात राजकीय कैदी ठेवत. मोहन रानडे तिथं होते. सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवणारे, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले आणि सव्वीस वर्षांची शिक्षा भोगायला पुढे पोर्तुगालला नेले गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी महाराष्ट्रात मोहीम चालवली, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना भेटून त्यांच्या सुटकेची विनंती केली, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. काशियशचा तो तुरुंग बघायला खुला नाही, गाडीतूनच टेकडीकडे बघायचं. पण शहरात कॅथेड्रलजवळ आल्जूब हा जुना तुरुंग आता संग्रहालय आहे, तिकीट किरकोळ. हात पसरता येणार नाहीत इतक्या अरुंद एकांतकोठड्या तिथं दाखवल्यात. या एका ठिकाणासाठी दोन तास राखून ठेव. सोमवारी तेही बंद असतं.

एकटीच्या सुरक्षेचं. लिस्बन युरोपातल्या बऱ्याच राजधान्यांपेक्षा निवांत आहे, रात्री दहाला बायका-मुलं रस्त्यावर असतात. त्रास होतो तो पाकीटमारांचा. बॅग पुढे घे, फोन मागच्या खिशात ठेवू नकोस, कॅफेच्या बाहेरच्या टेबलावर तर अजिबात ठेवू नकोस. बाइशात माणसं जवळ येऊन हलक्या आवाजात चरस-गांजा विकतात. बहुधा तो कुटलेला तमालपत्राचा पाला असतो. उत्तर न देता चालत राहा, ते मागे येत नाहीत. फादू, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायला एकटीनं खुशाल जा. आल्फामात मोठ्या हॉटेलांत किमान चाळीस-पन्नास युरोंचं जेवण घ्यावं लागतं, छोट्या ताश्कात एक पेय घेऊन बसता येतं. दिवे मंदावले आणि गिटार लागली की बोलणं, चमचे-काटे, फोन सगळं थांबवायचं. तिथं कुजबुज केलेली खपत नाही. काही चोरीला गेलंच तर रेश्तावरादोरश चौकातल्या पालासियू फॉश या इमारतीत पर्यटकांसाठीची पोलीस चौकी आहे, इंग्रजीत तक्रार घेतात. विम्यासाठी तो कागद लागतोच. आणीबाणीला ११२.

सिंत्रा या जवळच्या डोंगराळ गावाला एक अख्खा दिवस दे. रोसियू स्टेशनातून चाळीस मिनिटांची लोकल. पेना राजवाड्याचं तिकीट वेळेनुसार असतं, सकाळचं पहिलं घे आणि ऊबदार कपडा सोबत ठेव, वर धुकं आणि गारवा असतो. एक संध्याकाळ कैश दु सोद्रेहून बोटीनं पलीकडे कासिल्याशला जा. दहा मिनिटांचा प्रवास, तेच कार्ड चालतं, आणि अख्खं लिस्बन समोरून बघायला मिळतं. बाकी दिवसांत एक दुपार काहीही न ठरवता मोकळी ठेव.

परतीचं विमान पहाटेचं घेऊ नकोस. मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते, त्याआधी बहुधा टॅक्सीच करावी लागते. आणि पुढे-मागे कधी लिस्बनहून स्वस्त विमानानं जाणार असलीस तर त्यातली बरीच टर्मिनल दोनवरून सुटतात. तिथं मेट्रो जात नाही, टर्मिनल एकवरून मोफत बस धरावी लागते, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धर.